"सोपं आहे" असं म्हणायचं नाही

मला एक सांगा. तुमच्या घरात वाय-फाय बंद पडलं, टीव्हीवर सिनेमा गोल गोल फिरत राहिला किंवा आजोबांच्या फोनमधले फोटो "गायब" झाले, की सगळ्यात आधी हाक कोणाला जाते? प्रत्येक घरात असा एक जण असतोच. बहुतेक वेळा तो दहावी-बारावीतला असतो. तोंडात घास असताना त्याला हाक येते आणि तो न बघताच ओरडतो, "बंद करून परत चालू कर!" गंमत म्हणजे बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतंही.

ऑफिसमध्ये ही हाक जिथे जाते, त्या जागेला आयटी सर्व्हिस डेस्क म्हणतात. तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी नोकरी करत असेल, तर त्यांना विचारा. पासवर्ड विसरला, ई-मेल उघडेना, प्रिंटर रुसला, की ज्या नंबरवर फोन करायचा आणि पलीकडून "आपला एम्प्लॉयी नंबर सांगा" असा आवाज यायचा, तेच ते.

मी बेळगावची. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं आणि 2024 च्या मे महिन्यात कंटेंट रायटर म्हणून बेंगळुरूत रुजू झाले. वाटलं होतं, ब्लॉग लिहीन, जाहिरातींच्या ओळी लिहीन. पहिल्याच आठवड्यात मला सर्व्हिस डेस्कच्या शेजारी एक खुर्ची मिळाली आणि सांगितलं गेलं की लोकांना रोज येणाऱ्या अडचणींची उत्तरं साध्या भाषेत लिहून ठेवायची. शेक्सपिअरच्या शोकांतिका वाचून आलेल्या मुलीचा पहिला छापील मजकूर होता, "प्रिंटर ऑफलाइन दिसत असल्यास काय करावे". डेस्ककडे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणतात, हे मी एकदा फोनवर सांगितलं, तेव्हापासून आई शेजारीपाजारी सांगते, "ती बेंगळुरूत तिकिटांच्या ऑफिसात आहे." आता मी तो गैरसमज दूर करायचा नाद सोडलाय.

कंपनीचं नाव सांगत नाही. यंत्रांचे सुटे भाग बनवणारी आहे, बेंगळुरूत मुख्य ऑफिस आणि पलीकडे तामिळनाडूच्या हद्दीत होसूरला कारखाना. डेस्कवर नऊ जण, तीन शिफ्ट. आणि हे सगळं चालवणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. कन्नडमध्ये अक्का म्हणजे मोठी बहीण, आपल्याकडेही तेच, त्यामुळे मला तो शब्द वेगळा शिकावा लागला नाही. वय पन्नाशीच्या आसपास. याच कंपनीत त्या आधी टेलिफोन ऑपरेटर होत्या. इंजिनिअर नाहीत. तरी डेस्क चालवायचं म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं, आणि तेच तुम्हाला सांगावंसं वाटतंय, कारण त्यातलं निम्मं तुमच्या घरातही उपयोगी पडणारं आहे.

या कामाचं एक शास्त्रही आहे बरं का. 1980 च्या दशकात ब्रिटिश सरकारनं आपल्या खात्यांमधली कॉम्प्युटरची कामं शिस्तीत चालावीत म्हणून पुस्तकांचा एक संच तयार करायला घेतला. त्याला आयटिल म्हणतात. आज जगभरातली डेस्क त्यातल्याच शब्दांत बोलतात: इन्सिडेंट, सर्व्हिस रिक्वेस्ट, प्रॉब्लेम, चेंज. मी नवीन होते तेव्हा हे शब्द एकमेकांत मिसळायचे. अक्कांनी एका वाक्यात सोडवलं. नळ गळतोय, हा इन्सिडेंट. गच्चीवर नवा नळ हवाय, ही रिक्वेस्ट. प्लंबर दर महिन्याला येतो आणि तरी तोच नळ गळतो, हा प्रॉब्लेम. आणि पाइप बदलायचा असेल तर आधी सगळ्या बिऱ्हाडांना सांगून मगच पाणी बंद करायचं, हा चेंज. "आपले सगळे कष्ट पहिल्यावर खर्च होतात," त्या म्हणाल्या, "आणि खरा पैसा तिसऱ्यात वाया जातो."

कोणाचं काम आधी करायचं याचाही नियम असतो. किती लोकांचं अडलंय आणि किती लवकर हवंय, या दोन गोष्टी बघून तिकिटाला क्रमांक मिळतो. कोण किती मोठ्यानं ओरडतंय, हे त्यात धरलेलं नाही. कागदावर तरी नाही. पण तुम्ही नोकरी केली असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, मोठ्या साहेबांचा माउस बंद पडला की तो आपोआप देशावरचं संकट होतो. अक्का त्या तिकिटाचा क्रमांक शांतपणे खाली करतात आणि एका मुलाला खिशात नवा माउस देऊन वर पाठवतात. भांडणही नाही आणि रांगही मोडली नाही.

आता फोनवर बोलण्याबद्दल. आमच्या डेस्कवर एक प्रश्न विचारायला बंदी आहे: "तुम्ही काय केलंत?" का? कारण त्याचं उत्तर नेहमी एकच येतं, "मी काहीच केलं नाही." कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांत मी ते ऐकलंय. माणूस खोटं बोलत नसतो. त्याला प्रश्नात आरोप ऐकू येतो आणि तो स्वतःला वाचवतो. त्याऐवजी विचारायचं, "स्क्रीनवर आत्ता काय दिसतंय? जसं आहे तसं वाचून दाखवा." मग तोच माणूस आपला साथीदार होतो. पुढच्या वेळी गावाहून आईचा फोन आला, की हे करून बघा. "काय दाबलंस तू?" असं म्हणू नका. "काय दिसतंय?" असं विचारा. घाई वाटली तर फोटो काढून पाठवायला सांगा. त्यानंतरचे दोन प्रश्न: हे कधीपासून होतंय, आणि शेजारच्याचं पण बंद आहे का? या तीन प्रश्नांवर निम्म्याहून जास्त गाठी सुटतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी बंदी एका शब्दावर आहे. "सोपं आहे." त्याच्यामागची गोष्ट लांब आहे, ती पुढे सांगते.

पासवर्डवर मात्र दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. सोमवारी सकाळी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर डेस्कचे फोन थांबत नाहीत, सगळे पासवर्ड विसरलेले असतात. दर नव्वद दिवसांनी बदलायला लावला की माणूस काय करतो? शेवटचा एक आकडा वाढवतो किंवा कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवतो. अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनंच 2017 साली सांगितलं, की उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याची शंका आली तर बदला. लांबलचक, लक्षात राहणारा एक ठेवा. तरी कित्येक कंपन्यांत अजून नव्वद दिवसांचं घड्याळ चालूच आहे. आमच्याकडेही. अक्का दर वर्षी त्याबद्दल एक पत्र लिहितात. पत्राची पोच येते.

आणि घड्याळावरून आठवलं. डेस्क आकड्यांवर चालतं. फोन किती सेकंदांत उचलला, तिकीट किती तासांत बंद झालं, किती जणांचं काम पहिल्याच फोनमध्ये झालं. हे आकडे दर महिन्याला वर जातात, वेळेत असेल ते हिरवं आणि उशीर झाला ते लाल. आता यातली एक गोम ऐका. तिकिटावर "ग्राहकाच्या उत्तराची वाट पाहत आहोत" असं लिहिलं की घड्याळ थांबतं. मग काही हुशार लोक संध्याकाळी पाच वाजता एखादा फुटकळ प्रश्न विचारून ई-मेल टाकतात, घड्याळ थांबवतात आणि घरी जातात. तीन दिवसांत उत्तर आलं नाही की तिकीट आपोआप बंद. सगळं हिरवंगार! या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, कापलं की लाल.

अक्का त्यासाठी रोज सव्वानऊला एक छोटी मीटिंग घेतात. दहा मिनिटं, उभ्यानं. त्यात हिरव्या-लाल रंगांचं नाव निघत नाही. त्या विचारतात, काल दोनदा फोन कोणी केला? एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा फोन करावा लागला, म्हणजे पहिल्यांदा आपण फक्त तिकीट बंद केलं होतं. ती नावं त्या फळ्यावर खडूनं लिहितात. कॉम्प्युटर विभागात खडूचा फळा! पण तो खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

आता एक रात्रीची गोष्ट. पावणेअकराला फोन आला. डेस्कवर हुबळीचा एक बावीस वर्षांचा मुलगा एकटा होता. पलीकडचा आवाज म्हणाला, मी अमुक अधिकारी, परगावी आहे, लॅपटॉप लॉक झालाय, सकाळी आठला ग्राहकासमोर बसायचंय, पासवर्ड बदलून दे. नियम असा, की कंपनीत नोंदवलेल्या मोबाइलवर उलट फोन करायचा आणि मगच हात लावायचा. तो मोबाइल म्हणे टॅक्सीत राहिला. मग दुसरा रस्ता, त्यांच्या वरिष्ठांनी खात्री द्यायची. आवाज चढला. "तुला माहीत आहे का तू कोणाशी बोलतोयस?" मुलगा म्हणाला, "सर, तेच तर मला अजून माहीत नाही." हे त्यानं उद्धटपणे म्हटलं नव्हतं. मी नंतर रेकॉर्डिंग ऐकलंय, त्याचा आवाज कापत होता.

परदेशात गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या कंपन्यांत चोर असेच शिरलेत. भिंत फोडून नाही, मदतीच्या नंबरवर फोन करून, "मी तुमचाच माणूस, अडकलोय" असं सांगून. डेस्कवरच्या माणसाला मदत करायचीच सवय असते आणि चोराला तीच सवय हवी असते. पण त्या रात्रीचा माणूस चोर नव्हता. खरंच आमचे अधिकारी होते. वरिष्ठ सापडून खात्री होईपर्यंत पन्नास मिनिटं गेली, आणि सकाळी मुलाविरुद्ध लेखी तक्रार आली. तो मुलगा टेबलापाशी पाणी पीत बसून होता. घरी बहिणीचं लग्न ठरलेलं, नोकरीला सहा महिने झालेले.

अक्का तक्रारीचा कागद घेऊन स्वतः वर गेल्या. काय बोलल्या ते त्या सांगत नाहीत, पण केबिनबाहेर बसणाऱ्यांनी सांगितलं. म्हणाल्या, "काल तुम्ही होतात. परवा तुमचा आवाज काढणारा कोणी असेल. त्याला पासवर्ड मिळाला, तर तुम्ही हाच कागद कोणाच्या नावानं लिहाल?" तक्रार मागे घेतली गेली. मला जास्त आवडलं ते पुढचं. अक्कांनी साहेबांची अडचणही खरी मानली. प्रवासात मोबाइल हरवू शकतोच, म्हणून प्रवासाला जाणाऱ्यांसाठी आधीच एक दुसरा नंबर नोंदवून ठेवायची सोय त्यांनी सुरू केली. नियम मोडला नाही आणि माणसालाही अडकवून ठेवलं नाही.

तुमच्यासाठी यात एक उलटी बाजू आहे. आमची मुलं दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायला जी ॲप वापरतात, तशीच ॲप ठग तुमच्या वडिलांना फोनवर टाकायला सांगतात. "बँकेतून बोलतोय, केवायसी संपलीय." लक्षात ठेवा, कुठलंही खरं डेस्क तुमचा पासवर्ड किंवा ओटीपी विचारत नाही. आणि आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही, फोन ठेवून पासबुकावरच्या किंवा कार्डावरच्या नंबरवर आपण करायचा. हुबळीच्या मुलानं जे केलं तेच. पैसे गेलेच, तर 1930 या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तिथे लाज आणि उशीर, दोन्ही महाग पडतात.

मी रुजू झाले त्याला दोन महिनेच झाले होते, तेव्हाची गोष्ट. 19 जुलै 2024, शुक्रवार. आषाढी होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास ऑफिसातले लॅपटॉप एकेक करून निळे पडू लागले. आपोआप बंद व्हायचे, चालू व्हायचे, परत निळे. तुम्हाला तो दिवस आठवत असेल. जगभर विमानं थांबली, आपल्याकडेही विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं 85 लाख विंडोज मशिन बंद पडल्या, आणि तेही जगातल्या एकूण विंडोज मशिनच्या एक टक्क्याहून कमी. घरचे कॉम्प्युटर बहुतेक वाचले, कारण ते सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात.

उपाय काय होता ठाऊक आहे? एक फाइल काढून टाकायची. बस. पण मशीन चालूच होत नाही, त्यामुळे लांबून काही करता येईना. प्रत्येक लॅपटॉप सेफ मोडमध्ये उघडायचा, आणि आधी कुलूप काढायला 48 आकडी किल्ली टाकायची. अठ्ठेचाळीस आकडे, प्रत्येक मशीनचे वेगळे. डेस्कचेच लॅपटॉप मेलेले. कपाटात बंद ठेवलेले तीन जुने लॅपटॉप निघाले. ते बंद होते म्हणूनच वाचले होते. त्यावरून किल्ल्या शोधायच्या आणि फोनवर वाचून दाखवायच्या.

त्या दिवशी अक्कांमधली टेलिफोन ऑपरेटर बाहेर आली. सहा आकडे सांगायचे, थांबायचं, पलीकडच्यानं परत म्हणून दाखवायचे, मग पुढचे सहा. असे आठ वेळा. फाइव्ह आणि नाइन फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून ज्याला जी भाषा येते त्या भाषेत आकडे. दुपारपर्यंत खोलीत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी पाढ्यांची शाळा भरल्यासारखं वाटत होतं. मी कागदावर टिका करत होते, कोणाचं झालं, कोणाचं राहिलं. आधी कारखान्याचं गेट, कारण ट्रक उभे होते. मग प्रथमोपचाराची खोली, मग पगाराचं काम करणाऱ्या दोघी. डायरेक्टरसाहेबांचा नंबर दुपारी साडेतीनला लागला. ते तोवर खाली येऊन दोनदा चहा सांगून गेले होते.

रात्री घरी जाताना मी म्हटलं, "केवढा अवघड दिवस!" अक्का म्हणाल्या, "आज सगळे ओरडत होते. जे ओरडतात त्यांना शोधावं लागत नाही."

त्याचा अर्थ मला डिसेंबरात कळला.

वर्षाच्या शेवटी अक्का एक विचित्र यादी काढतात. सगळे काढतात सर्वात जास्त तिकिटं कोणाची, त्या काढतात कोणाचं एकही नाही. रोज कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस वर्षभरात एकदाही अडला नाही, असं कसं होईल? 2024 च्या यादीत होसूरच्या स्टोअरमधले एक काका होते. वय सत्तावन्न, तीस वर्षांची नोकरी. मागच्या वर्षी स्टोअरला नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा त्यांनी एकच फोन केला होता. त्यानंतर चौदा महिने शांतता.

अक्कांनी त्या फोनचं रेकॉर्डिंग शोधलं. काका कन्नडमध्ये सांगतायत, मी नोंद भरतो आणि ती निघून जाते. डेस्कवरचा मुलगा, जो आता नोकरी सोडून गेलाय, अगदी गोड आवाजात म्हणतो, "सर, सोपं आहे. सगळ्यांना जमतंय. एकदा परत करून बघा." काका म्हणतात, "हो हो, जमेल." फोन बंद. वेळ, एक मिनिट चाळीस सेकंद. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये तो फोन हिरवा होता. उत्तम.

आम्ही दोघी होसूरला गेलो. मला कन्नड येतं आणि लिहायचं काम माझं, म्हणून मी. अक्कांनी बजावलं होतं, काही समजवायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं.

काकांच्या टेबलावर एक रजिस्टर होतं. आलेल्या मालाची प्रत्येक नोंद, निळ्या शाईत, मोत्यासारखं अक्षर. मागे रॅकना अजून बिन कार्ड लटकवलेली, सगळी आजच्या तारखेपर्यंत भरलेली. आणि कॉम्प्युटर? तो शेजारचा एक तरुण मुलगा संध्याकाळी काकांच्या नावानं, काकांच्या पासवर्डनं भरायचा. रजिस्टरवरून. काकांनी ते आम्हाला सांगितलं नाही, पण संध्याकाळी पाच वाजता तो मुलगा सवयीनं येऊन त्यांच्या खुर्चीवर बसला आणि आम्हाला बघून गडबडून उठला. काका टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी व्हीआरएसचा अर्ज लिहून ठेवलाय. माझं डोकं आता चालत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यासमोर नोंद केली. अगदी बरोबर. चलन क्रमांक, पार्ट नंबर, मग नग मोजायचे म्हणून उठून रॅककडे गेले. चार पेट्या होत्या. एकेक उघडून, मोजून, बिन कार्डवर लिहून परत यायला वीस मिनिटं लागली. स्क्रीन रिकामी. लॉगिन करा, असं लिहिलेलं. काका आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "बघितलंत? मी काहीतरी चुकीचं दाबतो."

त्यांनी काहीही दाबलं नव्हतं. पंधरा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की सुरक्षेसाठी सॉफ्टवेअर आपोआप बंद व्हायचं, एवढंच. ऑफिसात बसून काम करणाऱ्याला ते कधी जाणवतच नाही. पण स्टोअरचा माणूस मोजायला उठणारच, ते तर त्याचं काम आहे. जो नीट मोजतो त्याचीच नोंद जाणार, आणि जो अंदाजे आकडा ठोकतो त्याची राहणार! नोंद अर्धवट ठेवून उठायचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होतं. फक्त स्टोअरच्या लोकांना ते दिसायची परवानगी कोणी दिली नव्हती. अक्कांनी मग इतर स्टोअरमध्ये विचारलं. आणखी अकरा जणांचं तेच होत होतं. अकरांपैकी एकानंही तिकीट टाकलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच मागे पडलोय.

परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. अर्ज, मंजुरी, चाचणी, शनिवारी रात्री बदल. पंधरा मिनिटांचा नियम काढला नाही, ते बरोबरही नव्हतं. बटण दिसू लागलं आणि वेळ संपायच्या दोन मिनिटं आधी स्क्रीनवर सूचना येऊ लागली. मी त्यावर अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला. कन्नड आणि इंग्रजी मी, तमिळ डेस्कवरच्या एका मुलीनं. पहिलं वाक्य अक्कांनी सांगितलं तसंच घातलं: "तुमची नोंद निघून जात होती, ती तुमच्या चुकीमुळे नव्हे." मी वर्षभरात लिहिलेल्या सगळ्या मजकुरात लोकांनी जास्तीत जास्त वेळा उघडलेलं पान तेच आहे. काकांचा पासवर्डही बदलला, आणि या वेळी तो कोणालाही न सांगता त्यांनी स्वतःच टाकला. व्हीआरएसच्या अर्जाबद्दल आम्ही विचारलं नाही.

आता आमच्याकडेही चॅटबॉट आलाय. रात्री दोनला तो पासवर्ड बदलून देतो, न कंटाळता, न चिडता. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू. पण "हो हो, जमेल" असं कोणी लिहिलं की तो "धन्यवाद" म्हणतो आणि तिकीट बंद करतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी होसूरहून एक तिकीट आलं. कन्नडमध्ये, काकांच्या स्वतःच्या नावानं. "प्रिंट काढली की उजवीकडचा शेवटचा आकडा कापला जातो. दोन दिवसांपासून. शेजारच्या प्रिंटरवर नीट येतं. फोटो जोडला आहे." तिन्ही प्रश्नांची उत्तरं, कोणी न विचारता. ते तिकीट हुबळीच्या मुलानं उचललं. कागदाची साइज ए-फोरऐवजी लेटर झाली होती. सात मिनिटांत काम झालं. अक्कांनी मला बोलावून ते स्क्रीनवर दाखवलं, काही बोलल्या नाहीत, आणि खडू घेऊन सव्वानऊच्या मीटिंगला गेल्या.